सिगारच्या जोडीला काय ओतावं?

सिगारबरोबर पोर्ट प्यावी, हे इंग्रजांच्या जेवणघरातून जगभर पसरलेलं शहाणपण. जेवण आटोपलं, बायका दिवाणखान्यात गेल्या, की टेबलावर पोर्टचं डिकँटर यायचं आणि ते डावीकडे, फक्त डावीकडेच, सरकवलं जायचं. एखाद्याने ते आपल्यापाशी अडवून ठेवलं तर शेजारी विचारायचा, 'नॉर्विचच्या बिशपांना ओळखता का हो?' उत्तर अपेक्षित नसे. मुकाट्याने डिकँटर पुढे ढकलायचं असे. रिवाज गमतीचा खरा, पण त्यातून एक समजूत रुजली की सिगारबरोबरची पोर्ट म्हणजे जुनी, महागडी, बाटलीवर धूळ साचलेली व्हिंटेज. माझं मत उलट आहे. सिगारबरोबर प्यायची ती टॉनी. व्हिंटेज पोर्टचे पैसे धुरात घालवू नयेत.

हे का, ते कळायला पोर्ट होते कशी हे माहीत हवं. पोर्तुगालच्या उत्तरेला डोरू नदीचं खोरं आहे. दगडी पायऱ्यापायऱ्यांचे उभे उतार, पायाखाली पाटीसारखा थरांचा शिस्ट खडक. 1756 मध्ये पोंबालच्या मार्क्विसने या मुलखाची हद्द आखून दिली आणि युरोपात आजही पोर्ट हे नाव फक्त इथल्याच वाईनला लावता येतं. तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ अशा द्राक्षांचा रस आंबायला ठेवतात. त्यातली साधारण निम्मी साखर संपली, की त्यात 77 टक्क्यांचा द्राक्षांचाच स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्टमध्ये 19 ते 22 टक्के मद्यार्क आणि लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते.

इथून पुढे वाईनच्या दोन वाटा होतात. एका वाटेवर तिला हवा लागू द्यायची नाही: मोठ्या टाक्या, मोठी पिंपं आणि मग बाटली. रुबी, लेट बॉटल्ड व्हिंटेज म्हणजे एलबीव्ही आणि व्हिंटेज या तिन्ही त्या वाटेवरच्या. रंग गडद लाल, चव काळ्या मनुकांची, जांभळाची, आणि तरुण असताना जिभेला आवळणारं टॅनिन. दुसऱ्या वाटेवर ती पोर्तो शहराच्या समोर, नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गायाच्या वखारींत साडेपाचशे लिटरच्या आसपासच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं पडून राहते. लाकडातून हवा झिरपत राहते, लाल रंग विटकरी आणि मग पिंगट होतो, फळाची चव जाऊन तिथे अक्रोड, सुकं अंजीर, जळती साखर, संत्र्याची साल येऊन बसते. ही टॉनी. लेबलवरचे 10, 20, 30, 40 हे आकडे एका विशिष्ट वर्षाच्या वाईनचं वय सांगत नाहीत. निरनिराळ्या वर्षांची पिंपं मिसळून त्या वयाला साजेशी चव जुळवलेली असते, एवढाच त्यांचा अर्थ. एकाच वर्षाच्या द्राक्षांची, निदान सात वर्षं पिंपात मुरलेली टॉनी हवी असेल तर लेबलवर 'कोल्हेइता' शोधा.

आता सिगार. बाहेरचं पान रॅपर, त्याखाली बाइंडर, पोटात फिलर. फिलरमध्ये झाडाच्या शेंड्याकडची, ऊन खाल्लेली जाड पानं असतात, त्यांना लिजेरो म्हणतात, कडकपणा त्यांचा. मधली सेको, वासासाठी. तळाची व्होलाडो, नीट जळण्यासाठी. लिजेरो जितकं जास्त तितकी सिगार अंगावर येते. रॅपरचा रंग मात्र फसवा असतो. काळंभोर मादुरो पाहून नवखे बिचकतात, पण हा रंग जास्त काळ आंबवल्याने आलेला असतो आणि त्यातून कोको, कॉफी, किंचित गोडवा मिळतो. कडकपणा आतल्या पानांवर ठरतो. उलट कनेक्टिकटचं फिकट, कापडाच्या सावलीत वाढवलेलं रॅपर जवळजवळ नेहमीच सौम्य, सायीसारख्या चवीचं.

सिगारच्या धुराची एक खोड ध्यानात ठेवायची. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, सिगारचा क्षारधर्मी. त्यामुळे निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, धूर छातीत ओढायची गरजच नाही. ओढूही नये. पहिल्यांदा सिगार ओढणाऱ्याला अर्ध्यावर घाम फुटतो, पोटात ढवळतं, ते यामुळे. उपाशीपोटी पेटवू नका. हा त्रास सुरू झाला तर सिगार बाजूला ठेवा आणि काहीतरी गोड घ्या. 'धूर आत घेत नाही, म्हणजे धोका नाही' ही समजूत मात्र साफ खोटी आहे. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी सिगारचा थेट संबंध आहे, आणि तंबाखूला दारूची जोड मिळाली की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. या लेखात ज्या जोड्या सांगतोय त्या वर्षातून मोजक्या वेळा करायच्या आहेत. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करावं असं यात काही नाही.

सिगारचा धूर कडवट, तिखट आणि कोरडा. तो जिभेवर थर धरतो. पोर्टमधली साखर कडूपणा बोथट करते, तिचं आम्ल तोंडाला पाणी आणतं आणि वीस टक्के मद्यार्क तो तेलकट थर धुऊन काढतो. झणझणीत रश्श्यानंतर गुळाचा खडा जे करतो तेच. साधी सुकी रेड वाईन इथे हमखास पडते. तिच्यात टॅनिन आहे, साखर नाही. धुराने आधीच सुकलेलं तोंड ती आणखी सुकवते आणि शिराझ असो की कॅबरने, शेवटी सगळं शाईसारखं लागतं. नाशिकच्या चांगल्या रेडबद्दल आदर असूनही सांगतो, तिला मटणाबरोबर संपवा आणि मगच सिगारची पेटी काढा.

मग कोणती पोर्ट कोणाबरोबर? डॉमिनिकन रिपब्लिकची, कनेक्टिकट रॅपरची सौम्य सिगार असेल तर दहा वर्षांची टॉनी. सिगारचा सायीचा पोत आणि टॉनीतला भाजक्या बदामाचा वास एकमेकांना दाबत नाहीत. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता अबाहोची मध्यम कडक सिगार, म्हणजे उदाहरणार्थ माँतेक्रिस्तो नंबर 4, हिच्याबरोबर वीस वर्षांची टॉनी किंवा कोल्हेइता. लेखभर सांगतोय त्यातली एकच जोडी करून पाहायची असेल तर ही पाहा. सिगारमधला देवदाराचा, चामड्याचा वास आणि पोर्टमधलं सुकं अंजीर असे काही जुळतात, की घोट संपल्यावरही तोंडात कितीतरी वेळ काहीतरी चालू राहतं. तीस-चाळीस वर्षांच्या टॉनीवर जास्तीचे पैसे घालू नका. तिच्यातले बारकावे धुरापुढे टिकत नाहीत.

निकाराग्वाची, मादुरो रॅपरची, मिरीसारखी चुरचुरणारी सिगार टॉनीला गिळून टाकते. तिथे एलबीव्ही आणा. चार ते सहा वर्षं पिंपात राहिलेली ही पोर्ट अजून फळाने भरलेली, अंगाने जाड असते. कोकोच्या कडवट चवीवर तिचा जांभळट गोडवा बरोबर बसतो. साधी रुबी स्वस्त आणि सरळ. आखूड, साध्या सिगारला तेवढी पुरे.

आणि व्हिंटेज? ती चांगल्या वर्षीच जाहीर होते, दोन-तीन वर्षांत बाटलीत जाते आणि मग वीस-तीस वर्षं बाटलीतच पिकते. पिकल्यावर तिच्यात जे येतं ते फार नाजूक असतं: वाळलेली गुलाबाची पाकळी, चहाची पत्ती, ओली माती. सिगारच्या तिसऱ्या झुरक्याला यातलं काहीही शिल्लक राहत नाही. 1977 ची व्हिंटेज कोणी उघडलीच तर अक्रोड आणि निळ्या चीजबरोबर प्या, आणि सिगार तासाभराने, दुसऱ्या पेल्याबरोबर पेटवा.

पांढरी पोर्ट आपल्याकडे फारशी कोणी विचारात घेत नाही. पोर्तुगीज लोक ती जेवणाआधी बर्फ, टॉनिक आणि लिंबाची चकती घालून पितात. दुपारी, गॅलरीत, पातळशा सौम्य सिगारबरोबर आपल्या हवेत ती लाल पोर्टपेक्षा जास्त शोभते.

तपमानाचं पाहा. पोर्ट 'रूम टेंपरेचर'ला द्यावी असं म्हणतात, पण ती खोली पोर्तोमधली. मे महिन्यातली ठाण्याची नव्हे. बत्तीस अंशांवर पोर्ट म्हणजे गरम पाक. टॉनी 12 ते 16 अंशांवर, रुबी आणि एलबीव्ही जरा वर, 16 ते 18 वर. बाटली पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली की काम होतं. ग्लास म्हणून कपाटातले ते अंगठ्याएवढे लिक्युअरचे पेले काढू नका, त्यांत नाक जात नाही. व्हाइट वाईनचा नेहमीचा ग्लास घ्या, त्यात साठ-सत्तर मिलिलिटर ओता. पाच इंची, पन्नास रिंग गेजची रोबुस्तो पाऊण तास ते तासभर चालते; त्याला दोन ओतणी पुरतात.

पहिला घोट सिगार पेटवण्यापूर्वी घ्या. नुसती पोर्ट कशी लागते हे जिभेला माहीत नसेल तर पुढचं सगळं अंधारात. मग टोपीकडचं टोक कापा, थोडंच, टोपीची कड शाबूत ठेवून. जास्त कापलं तर रॅपर उलगडत जातं. काडेपेटी वापरत असाल तर गंधक जळून जाऊ द्या आणि मग ज्योत सिगारला न टेकवता पायथा फिरवत शेका. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या इंचभर जात नाही, गॅसचा लायटर घ्या. झुरका मिनिटाला एक. घाई केली की सिगार तापते आणि तापलेली सिगार कडू लागते, मग बिचाऱ्या पोर्टला बोल लावला जातो. झुरका, धूर सोडला, दोन क्षण थांबलात, मग घोट. धूर तोंडात असतानाच घोट घेऊ नका. सिगारचं टोक पोर्टमध्ये बुडवून ओढायची एक जुनी हौस आहे. त्याने रॅपर ओलं होतं, सिगार धड जळत नाही आणि दोन्ही गोष्टी एकदमच वाया जातात.

सिगार जळत जाते तशी कडक होत जाते, कारण डांबर आणि निकोटिन उरलेल्या भागात साठत जातं. पहिल्या तृतीयांशाला जी टॉनी नेमकी वाटली ती शेवटच्या तृतीयांशाला पातळ वाटू शकते. म्हणून जोडी निवडताना सिगारची सुरुवात धरू नका, मध्याच्या जरा पुढचा भाग धरा. शेजारी साध्या पाण्याचा ग्लास हवाच.

चखणा हा आपला हळवा विषय, पण इथे शेव, चिवडा, मसाला शेंगदाणे, चकली यांना सुट्टी. मिरचीने जीभ पेटली की टॉनीतला अक्रोड कुणी शोधायचा? खारे भाजके बदाम, अक्रोड, कडवट डार्क चॉकलेटचा तुकडा, खारट चीज. गोड खायचं तर ते पोर्टपेक्षा कमी गोड हवं. श्रीखंड-पुरीच्या जेवणावर लगेच ओतलेली टॉनी आंबट आणि पाणचट लागते. त्यात दोष टॉनीचा नाही.

आता गोव्याहून परतताना बऱ्याच मराठी बॅगांत येणारी 'पोर्ट वाईन'. ती गोड लाल वाईन आहे, डोरूशी तिचं नातं नावापुरतं. चांगली गार करून गप्पांत प्यायला माझी काहीच हरकत नाही, स्वस्तही आहे. पण तिच्यात गोडवा आहे, कणा नाही. कडक सिगारपुढे ती सरबत होते. तिच्यावरून पोर्टची पारख करू नका, एवढंच म्हणणं. तिला शोभेल अशी जोडी म्हणजे आखूड, सौम्य सिगार. फेणीचं प्रकरण वेगळं. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचा वास एवढा ठाम आहे की खोलीत दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. सिगार तिथे आगंतुक ठरते. फेणी फेणीसारखी प्यावी.

पोर्तुगीजांनी आपल्याकडे तंबाखूही आणला, आणि तो दख्खनमधूनच उत्तरेत गेला. अकबराचा वकील असद बेग 1604-05 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणि हुक्क्याचा सरंजाम नेला होता. पुढे दक्षिणेत, तिरुचिरापल्लीला चिरुटांचा धंदा एवढा फोफावला की शेरलॉक होम्सने 1887 च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखला. दोन्ही टोकांना उघडा, उग्र असा हा प्रकार मिळाला तर नाजूक टॉनी बाहेर काढू नका. त्याला काळी रम हवी.

रम ही सिगारची खरी शेजारीण. क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, तिन्हीकडे ऊस आणि तंबाखू दोन्ही पिकतात. सात वर्षं मुरलेली क्यूबन रम मध्यम सिगारबरोबर डोळे झाकून द्या. आपल्या ओल्ड मंकमध्ये व्हॅनिला भरपूर. मादुरोबरोबर ती छान जाते, पण कोला घालून नव्हे. थोडं पाणी, हवा तर बर्फाचा एखादा खडा. कोन्यॅकमध्ये व्हीएसओपी म्हणजे पिंपात निदान चार वर्षं आणि एक्सओ म्हणजे 2018 पासून निदान दहा वर्षं. माझ्या चवीला व्हीएसओपी जरा अणकुचीदार, एक्सओ मध्यम क्यूबन सिगारशी जमतं. व्हिस्कीत शेरीच्या पिंपातल्या सिंगल माल्ट उत्तम. गोव्यात कुंकळ्ळीला होणारी पॉल जॉन ब्रिलियन्स बर्बनच्या पिंपांतली, मधाळ. सौम्य सिगारला पुरेशी. आयलाच्या धुरकट व्हिस्कींचे चाहते रागावतील, पण धुरावर धूर म्हणजे दोन शाहीर एकाच वेळी गायला लागल्याचा प्रकार. आणि कोणतीही व्हिस्की असो, चमचाभर पाणी घाला. नुसत्या चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी जीभ बधिर होते.

जे दारू पीत नाहीत त्यांनी स्वतःला या बैठकीत उपरं समजायचं कारण नाही. कडक कॉफी ही पोर्टइतकीच जुनी आणि तितकीच चांगली जोडीदार आहे. फिल्टर कॉफी, थोडी साखर, मादुरो. लिंबू-सोडा मात्र नको.

आपल्या हवेत सिगार सांभाळणं हे जोडी जुळवण्यापेक्षा अवघड. तिला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. पुस्तकांत लिहिलेलं असतं, ह्युमिडॉरमध्ये ओलावा घाला. पण जुलैत मुंबई-रत्नागिरीची हवाच नव्वदीला टेकलेली असते. सिगार फुगते, रॅपर तडकतं, धूर ओढला जात नाही, बुरशी चढते. तिथे ओलावा काढायचा असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बरोबर उलटं. महागड्या पेटीऐवजी घट्ट झाकणाचा डबा, आत देवदाराची एक पट्टी आणि ओलावा घेणारं-देणारं 65 टक्क्यांचं पाकीट; मराठी घरात हे दोन्ही ऋतूंत चालतं. फ्रीजमध्ये सिगार ठेवू नका, सुकते आणि कालच्या आमटीचा वास धरते. उन्हाळ्यात तंबाखूतले भुंगे अंड्यांतून बाहेर येतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पाडतात. नव्या सिगारी पिशवीत हवाबंद करून तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर, एवढं केलं की ही काळजी मिटते.

कुठे ओढायची हाही प्रश्न आहेच. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. मोठ्या हॉटेलांत वेगळी खोली असेल तर तिथे, नाहीतर स्वतःच्या गच्चीवर, वाऱ्याची दिशा आणि शेजारी बघून.

परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य आणि 25 सिगारी करमुक्त आणता येतात. विमानतळावर पहिली पसंती वीस वर्षांच्या टॉनीला द्या, दुसरी एलबीव्हीला. काचेच्या झाकणाच्या पेटीतल्या 'कोहिबा' स्वस्तात मिळाल्या तर त्या नकलीच. खऱ्या कोहिबा तशा पेटीत येत नाहीत. टॉनीचं बूच वरून पकडायच्या टोपीचं असतं, बाटली उभीच ठेवायची, उघडल्यावर फ्रीजमध्ये महिना-दीड महिना मजेत राहते. एलबीव्ही आठवड्याभरात संपवा. व्हिंटेज आडवी ठेवायची, आदल्या दिवशी उभी करून गाळ तळाला बसू द्यायचा, हळूहळू डिकँटरमध्ये ओतायची आणि फार तर दोन दिवसांत संपवायची. अर्धी राहिलेली सिगार तासाभरात पुन्हा पेटवायची असेल तर आधी राख झाडा, एकदा आतून बाहेर फुंकून शिळा धूर काढा, मग शेका. रात्रभर राहिली असेल तर टाकून द्या.